वळणापलीकडचा जिना

मंगळवार, १७ जून
दुपार

प्रिय वन्सं,

नमस्कार. इथे सगळे बरे आहेत. तुम्हीही बऱ्या आहात, असं तुम्ही फोनवर सांगता, म्हणून तसंच धरून चालते.

तुम्हाला आठवतं का, तो पिक्चर पाहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आपण गच्चीवरच्या चादरी खाली आणल्या होत्या. मी लग्न होऊन नुकतीच आलेले. दोन टोकं तुमच्या हातात, दोन माझ्या. झटकायची, ताणायची, जवळ येऊन टोकाला टोक लावायचं, पुन्हा लांब जायचं. तुम्ही मध्येच थांबलात, चादर तशीच ताणलेली, आणि विचारलंत, "काय गं मडमिणबाई, ती पायऱ्या चढून वर जाते आणि भिंतीआड वळते. तिथे पलीकडे काय असेल?" मी म्हटलं, समुद्र. तुम्ही म्हणालात, छे, समुद्र असता तर दाखवला नसता का? घर असणार, पुढे बाग असलेलं. तेवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, "चादर जमिनीला लागतेय, तिकडे बघा आधी."

त्यानंतर किती वर्षं आपण दोघी हा वाद घालत राहिलो. टीव्हीवर तो पिक्चर लागला की तुमचा भाऊ वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचा आणि म्हणायचा, चला, आता समुद्राची सुनावणी सुरू.

तर वन्सं, मी तो जिना चढून आले. पलीकडे काय आहे ते पाहिलं. सांगते, पण क्रमाने सांगते.

आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर, ज्यांच्यामुळे तुम्ही मला मडमिण म्हणता, पत्रलेखन शिकवताना बजावायच्या, आधी समोरच्याची विचारपूस, मग आपली बातमी, आणि कुरकूर अजिबात नाही. आजवर हा नियम पाळला. आज मोडणार आहे. पण आधी बातमी.

अक्षर एवढं ढोबळ का, असं तुम्हाला वाटेल. माझं बॉलपेन विमानात गळलं, म्हणून नातीच्या दप्तरातलं जाड काळं पेन घेतलंय. त्यामुळे एका पानावर फार मावत नाही. कागद सुनेने ऑफिसातून आणून दिलेत.

घर छान आहे. माझ्या खोलीत ऊन येतं. पाणी कधीही सोडा, येतं; टाकी भरली का, मोटर बंद केली का, असलं काही नाही. लिफ्ट आहे. रात्री दाराला कडी कोण लावणार हा प्रश्नच नाही, दार आपलं आपण बंद होतं. सूनबाई कामावरून येते ती थकून येते, पण माझ्याशी पाच मिनिटं बसल्याशिवाय स्वयंपाकघरात जात नाही. नात दुपारी शाळेतून आली की माझ्या पलंगावर आडवी होते आणि गोष्ट सांगायला लावते. निम्म्या गोष्टी तुमच्याच असतात. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तुम्ही रात्रपाळीला असताना कुणीतरी नुसता बोलायला म्हणून फोन करायचा, ती तिची आवडती. "आजीआत्या खूप मोठ्याने बोलते ना," असं मला विचारते. मी म्हणते, हो, तिला पूर्वी दूरगावच्या लोकांशी बोलायला लागायचं.

चिरंजीवांनी मला एक कोट घेतलाय. जाड, गुडघ्याच्या खालपर्यंत, आतून अस्तर. भर उन्हाळ्यात. सेल होता म्हणे. माझ्याच्याने नुसता अंगावर तोलवत नाही. मी आपलं कौतुक केलं आणि खुंटीला लावून ठेवला. रोज सकाळी डोळे उघडले की तो समोर उभा असतो, कुणी पाहुणा येऊन बसायचं विसरल्यासारखा.

आता तुमच्या बॅगेबद्दल. म्हणजे माझ्या बॅगेबद्दल. आपल्या घरात कुणीही कुठेही जावो, बॅग भरायची ती तुम्ही. तुमचा भाऊ ऑफिसच्या कामाने गेला तरी, मुलगा हॉस्टेलला गेला तरी, मी माहेरी गेले तरी. किती दिवसांसाठी, थंडी की ऊन, एवढंच विचारायचं आणि आम्हाला खोलीबाहेर काढायचं. बॅग उघडावी आणि जे पहिल्यांदा लागेल तेच वर असावं, असं फक्त तुमच्या हातून होतं. आमचा सगळा प्रवास तुमच्या डोक्यात आधीच होऊन गेलेला असायचा.

मी इथे दोन महिन्यांसाठी आले. बॅग उघडली. वर टूथब्रश, चपला, गुडघ्याचं तेल. अगदी बरोबर. त्याखाली साड्या. त्याखाली माझ्या औषधांची जुनी फाइल, मूळ कागदांसह. त्याखाली माझ्या आईची शाल, जी मी कपाटातून काढतसुद्धा नाही. लग्नाचा अल्बम. आणि सगळ्यात तळाशी, दोन टॉवेलांमध्ये गुंडाळून, तुमच्या भावाचा हॉलमधल्या भिंतीवरचा फोटो, फ्रेमसकट.

मी बराच वेळ पलंगावर बसून राहिले. मग फोटो पुन्हा टॉवेलात गुंडाळला आणि बॅगेतच ठेवून दिला. कुणाला काही बोलले नाही, तुम्हालाही नाही. तुमच्या हातून बॅग भरताना चूक होत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून तर मला बोलायची भीती वाटली.

एक चूक मात्र झाली होती. मोज्यांची जोडी. एक काळा, एक निळा, तुमच्या त्या ठरलेल्या पद्धतीने एकात एक घालून गुंडाळलेले. मी ते हातात घेऊन खिडकीपाशी नेले, उजेडात पाहिले. मग तसेच घालून दिवसभर हिंडले. कुणाच्या लक्षात आलं नाही.

असो. आता परवाच्या रविवारचं.

चिरंजीव म्हणाले, आई, तुझ्यासाठी एक सहल ठरवलीय. आपल्या पिक्चरांची शूटिंगं इथे जिथे जिथे झाली, ती ठिकाणं दाखवतात. दिवसभराची बस असते. सूनबाई आणि नात घरी थांबल्या, नातीची सोमवारी परीक्षा होती. म्हणजे आम्ही दोघंच. तो कधी माझ्याबरोबर एकटा असा दिवसभर कुठे गेला होता ते आठवेना. मला तेव्हाच वाटलं, याला काहीतरी बोलायचंय. लहानपणीही प्रगतिपुस्तक दाखवायचं असलं की आधी बाजारातली पिशवी उचलायला यायचा.

बसमध्ये सगळे आपल्यासारखेच. गुडघे धरून चढणारे, पाण्याच्या बाटल्या सांभाळणारे. गाईड बाई इथलीच, लाल छत्री उंच धरून पुढे चालणारी. आपले सिनेमे पाहून पाहून आपली भाषा शिकलीय, त्यामुळे तिला सगळं बोलायचं ते संवादातच येतं. बस सुटायची वेळ झाली की ती छत्री वर करून म्हणायची, "परत या, तुम्हाला माझी शपथ आहे." लोक हसून हसून बसमध्ये चढायचे. एक टक्कल पडलेले गृहस्थ उतरायला उशीर करत होते तर त्यांना म्हणाली, "तुमच्याशिवाय मी कशी जगू?" त्यांच्या बायकोने पर्स उचलून धरली.

पहिलं ठिकाण होतं ते चहाचं दुकान, जिथे ती खिडकीशी बसून रडते. आता तिथे मोबाइल दुरुस्त करतात. खिडकी तीच आहे, आत तुटक्या फोनांचा ढीग. मग पूल. तो पूल आठवतो ना, ज्यावर तो तिला पहिल्यांदा पाहतो? केवढा रुंद दिसतो. प्रत्यक्षात दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. खाली नदी नाहीच, दगडी नाला आहे, आणि वारा असा की त्या बिचारीला पातळ साडीत किती वेळ उभं केलं असेल कोण जाणे. आपण तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहून रडलो. थंडीचंही असेल थोडं.

मी थकले होते वन्सं. ही कुरकूर आहे, तर असू दे. पाय भरून आले होते, चपलेचा पट्टा टोचत होता, आणि प्रत्येक ठिकाणी उतरा, बघा, हसा, फोटो काढा, चढा. ज्या जागा मनात एवढी वर्षं जपल्या त्या अशा एकामागून एक लहान होत गेल्या. मला वाटलं, जिना पाहूच नये. बसमध्येच बसून राहावं. मग आठवलं, आदल्या रात्री फोनवर जिन्याचं सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "फोटोबिटो काढून पाठवू नकोस. तू स्वतः बघ आणि मला पत्रात लिही. हाताने." तेव्हा मला ते प्रेमाचं वाटलं. फोटो नको, पत्र हवं, ते का, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

जिना शेवटचा होता. दुपार उतरत आलेली. एक अरुंद रस्ता, कडेला बाक, आणि बाकासमोरून वर जाणाऱ्या त्या दगडी पायऱ्या. हा मात्र लहान झाला नव्हता. आहे तेवढाच उभा आणि उंच, वर डावीकडे ती भिंत. छत्रीवाल्या बाईने पिशवीतून रंगीबेरंगी ओढण्या काढल्या आणि बायकांना वाटल्या. ओढणी हवेत सोडून धावत वर जायचं, नवऱ्यांनी खालून फोटो काढायचे. बहुतेक बायका चार पायऱ्या धावल्या आणि हसत खाली आल्या. वळणापर्यंत कुणीच गेलं नाही. फोटोला तेवढंच पुरतं.

मला गुलाबी ओढणी मिळाली. चिरंजीव म्हणाले, आई, तू नको चढूस, गुडघे दुखतील. मी पर्स त्याच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, मी सावकाश जाते, तू बस इथे.

कठडा एकाच बाजूला आहे. तो धरून चढले. मध्ये दोनदा थांबले, दम लागला. खाली पाहिलं तर तो बाकावर बसून माझ्याकडे बघत होता, हातात माझी पर्स, आणि मला तो एकदम तुमच्या भावासारखा दिसला. मग पुढे गेले आणि भिंतीआड वळले.

समुद्र नाही वन्सं. घरही नाही, बागही नाही.

एक छोटासा चौथरा आहे. पाण्याचा पाइप भिंतीवरून खाली आलाय. एक हात मोडलेली प्लॅस्टिकची खुर्ची, शेजारी डब्यात कुणी ओढून टाकलेल्या सिगारेटी. आणि समोर दुसरा जिना, तसाच दगडी पण अरुंद, खाली उतरणारा. दोन्ही बाजूंना घरांच्या मागच्या भिंती, स्वयंपाकघरांच्या जाळ्या, तळणाचा वास. मी म्हटलं, आलेच आहे तर शेवटपर्यंत बघू. उतरत गेले. एक वळण, आणखी एक वळण, आणि बाहेर आले तर समोर तोच रस्ता. तोच बाक. मी बाकाच्या मागे उभी होते.

म्हणजे ती बाई एवढी धावत वर गेली, आपण रडलो, तो खाली डोळे भरून उभा राहिला, आणि ती मागच्या बाजूने खाली येऊन त्याच्या पाठीशी उभी असणार, चहा पीत. मला हसू आलं. आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं. तुम्ही दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाला असतात, एवढ्यासाठी एवढी वर्षं भांडलो होय!

आणि तेवढ्यात तुमचा आवाज आला.

खराच आला. चिरंजीव माझ्याकडे पाठ करून, वर जिन्याकडे बघत फोनवर बोलत होते. फोन कानाला होता, पण तुमचा आवाज एक्सचेंजमध्ये तयार झालेला. रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू येतो.

तुम्ही विचारलंत, "सांगितलंस का तिला?"

तो म्हणाला, "नाही अजून. ती वर गेलीय."

"मग आज सांग. घर विकायचं ठरलंय म्हण. तिला दुसरी वाट ठेवूच नकोस. माझी सोय मी बघून आलेय, जागा स्वच्छ आहे, एका खोलीत तिघीच."

"आणि डोळ्यांचं?"

"ते तोंडातून काढायचं नाही. तिला कळलं तर उठून येईल आणि पुढचं सगळं आयुष्य माझा हात धरून हिंडेल. माझ्या आईचं केलं, माझ्या भावाचं केलं. ती थकलीय रे. तुला नाही कळत, मला कळतं."

मग तुम्ही वेगळ्याच आवाजात, जरा हळू, म्हणजे तुमच्या मानाने हळू, विचारलंत, "बरं, वळणापलीकडे काय होतं, काही म्हणाली का?"

"कसलं वळण, आत्या?"

"काही नाही. ठेव."

मी काय केलं सांगू? मागे फिरले आणि तो दुसरा जिना पुन्हा चढले. सगळा. चौथऱ्यावर त्या मोडक्या खुर्चीत बसले. खुर्चीचा हात मोडला होता त्या बाजूला कलंडू नये म्हणून भिंतीला खांदा टेकवून बसले. मग डोळे पुसले, गुलाबी ओढणीनेच, आणि पुढच्या जिन्याने कठडा धरून खाली आले, जणू आत्ताच परततेय. म्हणजे एका दुपारी मी तो डोंगर दोनदा चढले. आज तिसऱ्या दिवशीही पोटऱ्या सांगतायत.

बाकावर बसल्यावर त्याने सांगितलं. मान खाली घालून, माझ्या पर्सची चेन उघडत आणि लावत. आई, तू इथेच राहा. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आत्याचीही सोय होईल. तुमच्या डोळ्यांचं त्याने सांगितलं नाही, शब्द पाळला. त्याच्यावर रागावू नका, तो खोटं बोलत नाही, फक्त जे सांगायचं ते वगळतो. हे तो आपल्या दोघींकडूनच शिकला असणार.

म्हणाला, "तिथे तू पडलीस तर कोण उचलणार? आत्या?"

मी म्हटलं, "आजवर कोण उचलत होतं?"

त्यावर तो रडला, आणि मला वाईट वाटलं. त्याचं चुकत नाही. गेल्या वर्षी मी न्हाणीघरात पडले तेव्हा तुम्ही मला उठवलंत, पण दोघींना मिळून उठायला किती वेळ लागला ते आपल्यालाच माहीत. आपण दोघी खाली बसून हसत होतो. हसण्यासारखं नव्हतं ते.

आता खरं सांगते. बसमध्ये परत येताना मी खिडकीला डोकं टेकवलं आणि मला बरं वाटलं. तुमच्या डोळ्यांचं कळून नव्हे. कुणीतरी माझ्यासाठी ठरवून टाकलंय, म्हणून. टाकी नाही, मोटर नाही, कडी नाही, तीन जिने नाहीत. उन्हाची खोली आणि शेजारी गोष्ट ऐकणारी नात. तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे, मी थकलेय. बऱ्याच दिवसांत मला कुणी हे विचारलं नव्हतं आणि सांगितलंही नव्हतं. तुम्ही सांगितलंत, तेही मला नाही, त्याला. बसच्या त्या अर्ध्या रस्त्यात मी मनाने राहून गेले होते वन्सं. मनातल्या मनात कोटसुद्धा अंगात घालून पाहिला.

मग बस एका सिग्नलला थांबली आणि छत्रीवाल्या बाईने विचारलं, आज सगळ्यात जास्त काय आवडलं? कुणी पूल म्हणालं, कुणी काय. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, वळणापलीकडे दुसरा जिना आहे. ती म्हणाली, "कुठलं वळण?" शेजारी चिरंजीव म्हणाले, आई, आत्यापण मघाशी असंच काहीतरी विचारत होती. आणि मग त्यांनी जीभ चावली.

इथे सगळं आहे. पण कुठलं वळण, हे विचारायला न लागणारं माणूस इथे नाही. आणि तिथेही एकच आहे, ते तिघींच्या खोलीत जायला निघालंय. त्या खोलीला खिडकी आहे का, हेसुद्धा तुम्ही विचारलं नसणार. तुम्ही फक्त स्वच्छता पाहिली असणार.

पेन गळलं नव्हतं. मोजे पाहिले तेव्हापासून मी मोठं अक्षर काढायचा सराव करत होते. त्याआधी तिथे भाजीत दोनदा मीठ पडायला लागलं, वर्तमानपत्र तुम्ही बंद केलंत, "बातम्याच वाईट असतात" म्हणून, आणि मी मान डोलावली. मला कळलं होतं आणि नव्हतंही. रविवारी रात्री मुलाला सरळ विचारलं, तेव्हा त्याने सगळं सांगितलं. नजरेच्या मधोमध डाग, कडेचं दिसत राहील, मधलं जात जाईल. म्हणजे तुम्ही माझ्याकडे सरळ पाहिलंत तर मी दिसणार नाही, जरा बाजूला पाहिलंत तर दिसेन. ठीक आहे. मी जरा बाजूला उभी राहत जाईन.

आणि तुम्ही मला न विचारता माझी सोय लावलीत, याचा मला राग आला आहे. तो मी तिथे येऊन व्यवस्थित काढणार आहे. पत्रात मावणार नाही, अक्षर मोठं आहे. आयुष्यभर आमच्या बॅगा भरल्यात म्हणून आम्ही कुठे राहायचं तेही तुम्हीच ठरवायचं असं नाही. माझा हात धरून हिंडायला लागेल याची तुम्हाला एवढी लाज वाटत असेल, तर उतरताना मला तुमचा हात लागेल, चढताना तुम्हाला माझा. गुडघे माझे गेलेत, डोळे तुमचे. दोघींत मिळून एक बाई धड होईल.

काल संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी मी दोघांना सांगितलं की तिकीट जे आहे ते तसंच राहू दे. चिरंजीव बराच वेळ ताटातलं चिवडत राहिले. सूनबाई म्हणाली, "आई, बाबांचा फोटो मी बॅगेत पाहिला होता. तुम्ही तो भिंतीवर लावलाच नाहीत, तेव्हाच मला कळलं होतं." नातीला अजून सांगितलेलं नाही. तो एक घास मला गिळता येत नाहीये. तिला दरवर्षी सुट्टीत आपल्याकडे पाठवायचं सूनबाईने कबूल केलंय. काय होतं पाहू.

घराबद्दलही तो आता घाई करणार नाही. तळमजल्यावरची जागा कधी रिकामी झाली तर आपल्या जागेच्या बदल्यात ती घेऊ, असं त्याचं त्यानेच काढलं. तेवढा तो शहाणा आहे.

सूनबाईच्या ऑफिसातला एक मुलगा शुक्रवारी तिकडे येतोय. त्याच्याबरोबर हे पत्र आणि लहान बॅग पाठवतेय. मी येईन महिनाअखेरीला, ठरल्याप्रमाणे. बॅग आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः भरलीय, तेव्हा वरची वस्तू खाली आणि खालची वर झाली असेल, हसू नका. पत्र शेजारच्या मास्तरीणबाईंकडून वाचून घेऊ नका, सगळ्या जिन्याला कळेल. खिडकीशी बसून थोडं थोडं, कडेने वाचा. आता कुणाला काय द्यायचं ते लिहिते.

चॉकलेटची मोठी पिशवी वरच्या मजल्यावरच्या मुलांना. तुम्ही त्यातलं एकही खायचं नाही. मी पिशवीला गाठ मारलीय आणि माझी गाठ मला ओळखता येते.

कात्रीचा डबा खालच्या शिंपीणबाईंना. माझं शिवणयंत्र मी इथे आल्यावर तुम्ही त्यांना "पडून होतं" म्हणून दिलंत, ते त्यांच्याकडेच राहू दे, त्यांना त्याची गरज आहे. पण ते दिलं आहे असं म्हणा, मी आता परत येत नाही म्हणून दिलं असं म्हणू नका.

गुलाबी ओढणी तुम्हाला. छत्रीवाल्या बाईने माझ्याकडून ती परत घेतली नाही, म्हणाली, "आठवण म्हणून ठेवा, माझी शपथ आहे." मी धुतलीय.

काळा आणि निळा मोजाही तुम्हालाच. त्यांचे जोडीदार तिथे कपाटात असतील. जुळवू नका, मी आल्यावर दोघी मिळून जुळवू.

कोट सुनेच्या आईला. त्या हिवाळ्यात इथे यायच्या आहेत, त्यांच्या मापाचा आहे. तो इथेच खुंटीवर ठेवून येतेय.

डोळ्यांच्या डॉक्टरांना काही द्यायचं नाही. फक्त पुढची तारीख मी आल्यानंतरची घ्या. मी बरोबर येणार आहे आणि सगळं विचारणार आहे.

त्या स्वच्छ जागेवाल्यांना नकार द्या. भरलेले पैसे परत मिळाले नाहीत तरी चालेल.

तुमच्या भावाचा फोटो बॅगेच्या तळाशी आहे, तुम्ही गुंडाळला होता त्याच टॉवेलांत. तो भिंतीला. खिळा काढला नसेल अशी आशा आहे. काढला असेल तर सुताराला बोलवा, तुम्ही स्टुलावर चढू नका.

राहिल्या दोन कॉट. माझी तुम्ही एव्हाना कुणाला देऊन टाकली असेल तर परत मागून घ्या, मला संकोच वाटणार नाही. पण या वेळी अदलाबदल करायची आहे. दाराजवळची आता तुम्ही घ्या, रात्री उठलात तर भिंतीला हात लावून सरळ जाता येतं. खिडकीजवळची मला द्या. एवढी वर्षं तिथे बसून रस्त्यावर काय चाललंय ते तुम्ही मला सांगितलंत. आता मी सांगत जाईन.

तुमची,
मडमिण